कावळ्याचं पान मी खाल्लं

मी अस्वलीण बोलतेय. दचकू नका, दार बाहेरून बंद आहे. मोंटानाच्या डोंगरात जन्मले, तिथेच दोनदा बाळंत झाले, आणि आता या लोखंडी पिंजऱ्यात बसलेय.

आम्हा अस्वलिणींचं सगळं जगावेगळं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नर भेटतात. एकाहून जास्तही भेटतात, लपवायचं काय! पोटात जीव धरतो, पण लगेच रुजत नाही. गर्भाशयाला दोन शिंगं असतात, त्यांत मोहरीएवढे जीव महिनोन्महिने नुसते तरंगत राहतात. बर्फाच्या तोंडावर अंगावर पुरेशी चरबी असेल, तरच ते भिंतीला चिकटतात. नसेल तर विरून जातात. कुणाला कळतही नाही. मला कळतं हो.

यंदा डोंगरातल्या बेऱ्या उन्हानं करपून गेल्या. दिवसभर मुळं उकरायची, मुंग्या चाटायच्या. त्यानं कसली चरबी चढणार, कपाळ! पोटातल्या दोघांच्या काळजीनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

अशात एक दिवस खिरीचा वास आला.

जंगलाच्या कडेला उल्हासकाकांचं लाकडी घर आहे. रेडमंड शहरातल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर शैलजाकाकूंच्या हौसेखातर त्यांनी ते घेतलं, आणि वर्षभरात काकूच गेल्या. त्या दिवशी अविधवा नवमी होती. काकांनी कागदी प्लेटमध्ये वडे, खीर, भोपळ्याची भाजी वाढून अंगणात ठेवली. कावळा काही शिवेना.

"शैलू, तुझ्या मनासारखं करतो," ते म्हणाले. "एकटा राहत नाही. ऋताकडे जातो. आता तरी ये गं!"

गेले मी. प्लेट चाटूनपुसून साफ केली. काका दारातच उभे होते, पळाले नाहीत. ढसाढसा रडत होते.

लेकीकडे मात्र ते गेलेच नाहीत. रोज पान वाढू लागले. "आज शिरा केलाय, तुला आवडतो ना?" मी चांगली गरगरीत झाले. पोटातल्यांना म्हटलं, बाळांनो, तुमची सोय झाली.

मग ऋता आली. मला अंगणात बघून तिची बोबडीच वळली. "बाबा, आर यू क्रेझी? ती आई नाहीये, बेअर आहे!"

पान बंद झालं. मी दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि स्वयंपाकघराचं दार मोडून आत गेले. बोलावणं अंगणापुरतंच होतं, हे मला काय ठाऊक?

वनखात्यानं पिंजरा लावला. मासळीच्या वासानं मी आपणहून आत शिरले.

आज सकाळी अधिकारी काकांना म्हणाला, घरात घुसलेलं अस्वल परत सोडता येत नाही, संपवावंच लागतं. ऋतानंच विचारलं, "इज शी प्रेग्नंट?"

"आत्ता सांगता येणार नाही," तो म्हणाला. "असलं, तरी अजून रुजलेलं नसतं."

काका गजांपाशी आले. "जातो गं शैलू, ऋताकडे. उद्याच जातो."

जा, काका. कबूल केलंत तेव्हाच गेला असतात तर! आणि जाताना अंगणात काही ठेवू नका. माझ्यासारखीच कुणी भुकेली येईल.

ते दोघं अजून तरंगताहेत, बर्फाची वाट बघत. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.