पट्टेवाली

अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात हेलिकॉप्टर खाली झेपावलं तसे लांडगे बर्फात उधळले. खात्याचा नेमबाज ड्वेन याने हेलिकॉप्टरच्या दारातून एकेक करून सगळे टिपले. गळ्यात रेडिओपट्टा असलेली मादी तेवढी त्याने सोडली. वन्यजीव खात्यातल्या एल्डनने तो पट्टा अभ्यासासाठी म्हणून स्वतःच्या हाताने बांधला होता. आता दर हिवाळ्यात पट्ट्याच्या संदेशांच्या मागावर जाऊन तिचा कळप मारायचा आणि पुढचा कळप सापडावा म्हणून तिला जिवंत ठेवायचं, असा खात्याचा शिरस्ताच पडला होता.

"या वेळी तिलाही मार रे बाबा," एल्डन म्हणाला. "सुटू दे एकदाची."

"वा मास्तर! मग मेंढीवाल्यांच्या आमदाराला तोंड कोण देणार, तुम्ही? अहो, ती नवा नवरा करेल, पोरं काढेल आणि आपल्याला आयती घरापर्यंत नेईल."

एल्डनने त्याच्या हातातली बंदूक हिसकावली. बेशुद्धीच्या सुईखेरीज त्याने आजवर काही झाडलं नव्हतं. गोळी मादीच्या मागच्या पायात घुसली. ती कोलमडली, उठली आणि लंगडत झाडीत शिरली.

"मागे वळव!" एल्डन पायलटवर ओरडला. "तिला असं सोडू नकोस!"

ड्वेनने शांतपणे बंदूक परत घेतली.

"राहू दे. बरंच झालं, मास्तर," तो हसत म्हणाला. "आता फार लांब जायची नाही."