मास्टरचा कान

शेडमध्ये माग चौसष्ट होते. चार रांगा, रांगेत सोळा. त्यांतले एकसष्ट चालू. पट्ट्यावर जाळी बसवलेले अकरा. दरवाजे दोन, पैकी मागचा सुताच्या गोण्यांनी अडलेला. आगीसाठीच्या लाल बादल्या चार. एकीत वाळू, उरलेल्या तिन्हींत विड्यांची थोटकं. पाळीला विणणारे आठ, त्यांच्यावर एक मास्टर. कानात घालायची रबरी बुचं खोकाभर, शेठच्या टेबलाच्या खणात, खोक्यावरचं प्लास्टिक अजून न फाडलेलं. आणि एकोणतीस नंबरच्या मागाखाली, फरशीवर, रॉकेल लावून घासलं तरी न गेलेला तळहाताएवढा डाग.

कृपासिंधू नाहकनं सकाळपासून हे दोनदा मोजलं होतं. मास्टर तोच. मोजायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण आज त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. रांगेच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचा, एखाद्या मागाच्या चौकटीवर हात ठेवायचा, काढून घ्यायचा, पुन्हा चालायला लागायचा. बाहेर गल्लीत पांढरी गाडी येऊन उभी होती. कान तपासायची गाडी.

मास्टरच्या कानाची गल्लीत ख्याती होती. साठ मागांच्या खडखडाटात कोणाचा धोटा उशिरा बसतोय, कोणाची पट्टी सैल झालीय, हे त्याला दारातूनच कळतं, असं लोक सांगायचे. दहा वर्षांपूर्वी ते खरं होतं. हल्ली त्याला दारातून काहीच कळत नसे. चौकटीवर हात टेकला की मात्र कळायचं. ठोका लोखंडातून तळव्यात यायचा, तळव्यातून कोपरापर्यंत चढायचा. कान कधी उतरला आणि हातानं त्याचं काम कधी उचललं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शेडमध्ये बहिरा माणूस लपून जातो, कारण माग चालू असताना तिथे सगळेच बहिरे. बोलणं ओठांनी आणि हातांनी. अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा. दोन बोटांची कात्री म्हणजे तार तुटली. पोटावरून गोल फिरवलेला हात म्हणजे शेठ येतोय. अडचण व्हायची ती बाहेर. खोलीवर सगळे मिळून पाण्यात आंबवलेला पखाळभात खायला बसले आणि बाकीचे हसले, की तोही हसायचा. ओडिशातल्या गंजामहून बायकोचा, कुंतलाचा फोन आला की "हो, हो" म्हणायचा. एकदा तिनं विचारलं, "पायाची सूज उतरली का?" तर हा म्हणाला, "हो, पुढच्या महिन्यात." ती दोन दिवस बोलली नव्हती. समोरच्याचं तोंड हललं की याची मान हलायची. इतकी जुनी सवय की मान हलली हे त्याच्या लक्षातही येत नसे.

आठ दिवसांपूर्वी दुपारी वीज गेली. वीज गेली की रांगांचे खटके बंद करायचे, नाहीतर ती परत आल्यावर माग आपोआप सुटतात. खटके रांगेच्या टोकाला, भिंतीवर. कृपासिंधूनं ते बंद केले. बाकीचे चहाला बाहेर गेले. दुसऱ्या रांगेतला टुना पोलाई तेवढा मागे राहिला, कारण त्याच्या एकोणतीस नंबरात धोटा ताण्याच्या उभ्या सुतांत अडकला होता. टुना सांगतो ते असं: त्यानं वाकून उजवा हात आत घातला आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या मास्टरला म्हणाला, "नना, एकोणतीसचा खटका लावू नका हं, माझा हात आत आहे." आणि ननानं मान डोलावली.

कृपासिंधूला आठवत होतं ते एवढंच की बीमच्या आड टुनाचं डोकं हललेलं दिसलं. मग दिवे लागले. मग त्यानं रोजच्यासारखे सोळाच्या सोळा खटके तळहातानं एका दमात लावले.

टुनाचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही पहिल्या पेरापासून गेली.

टुनाला सुरतेत त्यानंच आणलं होतं. दोघांची गावं एका नदीच्या दोन काठांवर. टुनाला धाकट्या भावासारखं वागवायचं, असं त्याच्या आईला सांगून आणलं होतं. म्हणून टुना त्याला नना, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा.

परवा धनसुखभाईंनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शेठ तसा वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. कारखान्याचे निरीक्षक येऊन गेले होते आणि जाळ्या मोजून गेले होते.

"हा म्हणतो मी सांगितलं," धनसुखभाई म्हणाले. "तुम्ही काय म्हणता, मास्टर?"

केबिनमध्ये कृपासिंधू नेहमी शेठच्या ओठांसमोर उभा राहायचा. तसाच उभा होता.

"काही बोलला नाही तो."

"नना," टुना म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे जास्त अवघड होतं. "तुम्ही मान हलवलीत. मी पाहिलं ना."

"अरे, वीज गेलेली," शेठ टुनावर डाफरले, "सगळे माग बंद. टाचणी पडली तरी आवाज येईल. तू बोललास आणि या माणसाला ऐकू गेलं नाही? या माणसाला?" मग टेबलावर बोट आपटत म्हणाले, "साहेबांनी सगळ्यांचे कान तपासायला सांगितलेत. परवा गाडी येतेय. मास्टरचा कान शाबूत निघाला तर तू खोटा. मग रविवारची गाडी पकडायची, थेट गंजाम."

"आणि नाही निघाला तर?" टुनानं विचारलं.

धनसुखभाई हसले. "तर बहिऱ्या माणसाला मी खटक्यांपाशी उभं करीन का? मग मास्टर जातील रविवारच्या गाडीनं. पण तसं होतंय कुठे!"

तेव्हापासून कृपासिंधूला झोप नव्हती. अंथरुणावर पडलं की कानातले रातकिडे सुरू व्हायचे. ते वर्षभरापासून होते. मागांच्या आवाजात बुडून जायचे आणि शांततेत वर यायचे. तो उठून बसायचा, पाणी प्यायचा, गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. तो बोलला नसेल, असं स्वतःला सांगायचा. बोलला असता तर मी लावला असता का खटका? पण मग मान कशाला हलली, इथे येऊन अडायचा आणि पुन्हा पाण्याला उठायचा.

आता गल्लीत सावलीला आठजण ओळीनं उकिडवे बसले होते. गाडीतली झंखनाबेन बाहेर येऊन सगळ्यांना समजावत होती. सकाळी हीच मुलगी हातात आवाज मोजायचा मीटर घेऊन रांगांमधून फिरली होती, तेव्हा लोक एकमेकांना खुणा करत होते की ताईचा रेडिओ लागत नाहीये.

"कानात आवाज येईल," ती म्हणाली. "चार सूर आहेत. पाचशेचा जाड, मग हजार, दोन हजार, आणि चार हजारचा अगदी बारीक, चिमणीसारखा. जरासा जरी ऐकू आला तरी बटण दाबायचं. आकडा पंचवीसच्या आत आला तर कान चांगला. आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी येतं. मागाच्या आवाजानं आधी चार हजारचा सूर जातो, मग हळूहळू खालचे. गेलेला परत येत नाही. तुमच्या शेडमध्ये मीटरवर एकशे दोन डेसिबल आले. पंचाऐंशीच्या वर गेलं की बुचं घातल्याशिवाय उभं राहायचं नाही."

"ताई," उछब नावाचा विणकर म्हणाला, "बुचं घातली तर मागाचं रडणं कसं ऐकू येणार?"

"आत्ता येतं का तुम्हाला?"

"मला कुठलं! ते मास्टरला येतं."

सगळे हसले. कृपासिंधूनं त्यांचे दात पाहिले आणि तोही हसला. ओळीच्या टोकाला टुना बसला होता. उजवा हात मांडीवर, पट्टीत गुंडाळलेला. तो हसला नव्हता.

पहिला नंबर उछबचा लागला. बाहेर आला तो कागद नाचवत. "चार हजारला पंचेचाळीस! शाळेत कधी एवढे मिळाले नव्हते."

"आकडा कमी हवा, गाढवा," कोणीतरी म्हणालं.

"मग शाळेत बरोबर होतो की मी!"

एकेक जण आत जाऊन येत होता. कृपासिंधू बसला, उठला, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेला, चहा न घेताच परतला. चप्पल काढली, घातली. झंखनाबेननं दारातून त्याचं नाव पुकारलं ते त्याला कळलं नाही. उछबनं कोपर मारलं तेव्हा तो गाडीत चढला.

गाडीच्या आत आणखी एक खोली होती, कपाटाएवढी. भिंतींना जाड फोम, एकीत काच. एक खुर्ची, जमिनीला खिळलेली, काचेकडे पाठ येईल अशी. झंखनाबेननं त्याच्या कानांवर यंत्र बसवलं, हातात बटण दिलं, दार लावलं. दार लागताच रातकिडे सुटले. इतक्या जोरात त्यानं ते कधीच ऐकले नव्हते. बाकी सगळं कापूस कोंबल्यासारखं.

त्याची नजर भिरभिरत होती. समोरच्या फळीवर स्टीलचा पाण्याचा जार होता. त्याच्या फुगीर पोटावर मागची काच वाकडी होऊन उतरली होती, काचेपलीकडे झंखनाबेन, आणि तिचा उजवा हात. हात एका बटणावर होता. मनगट किंचित खाली गेलं, वर आलं.

वीस वर्षं तो हात वाचत आला होता. अंगठा आपोआप दाबला गेला.

मनगट पुन्हा खाली. पुन्हा दाबलं. कधी ती थांबायची, कधी लागोपाठ दोनदा करायची. त्याचा अंगठा चुकत नव्हता. कानात सूर आला की नाही हे तो बघतही नव्हता. रातकिड्यांत कोण शोधत बसणार? त्याचा पाय खुर्चीखाली सारखा हलत होता.

दार उघडलं. झंखनाबेन त्याच्या समोर येऊन वाकली, यंत्राची दांडी सारखी करायला.

"अहो, तुमचा उजवा कान तर विशीतल्या पोराचा आहे," तिचे ओठ म्हणाले. "चारही सुरांना पंधरा! वीस वर्षं मागावर, खरंच? आता डावा घेते."

ती बाहेर वळली. आतलं दार उघडंच राहिलं होतं, गाडीचंही. तिच्या खांद्यावरून त्याला गल्ली दिसली. उछब उभा राहून लांबूनच टुनाला हातानं काहीतरी विचारत होता. टुनानं सवयीनं उजवा हात उचलला. दोन बोटं हलायला हवी होती तिथे पांढरी गुंडाळी वरखाली झाली. उछबनं तळवे पसरले: काय? टुनानं पुन्हा केलं. मग कसनुसं हसून तो डाव्या हातानं करायला लागला, उलटं, चाचरत, नुकतंच लिहायला शिकणाऱ्यासारखं.

कृपासिंधूनं डोळे बारीक केले. शेडच्या या टोकाकडून त्या टोकाची खूण वाचणारा माणूस तो. टुना काय म्हणत होता ते त्याला वाचता आलं नाही.

"ताई," तो म्हणाला. आवाज किती मोठा गेला कोणास ठाऊक. बाहेरच्या सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. "उजवा परत घ्या."

"का? चांगला आलाय की."

"मी त्या जारात तुमचा हात बघत होतो."

झंखनाबेननं जाराकडे पाहिलं. मग काचेकडे, मग आपल्या मनगटाकडे. तिनं जार उचलला, बाहेर नेऊन गाडीच्या पायरीवर ठेवला आणि परत येऊन त्याच्या समोर उभी राहिली, तोंड दिसेल अशी.

"डोळे मिटा आता. मिटलेलेच ठेवा."

त्यानं मिटले. दार लागल्याचं हवेच्या दाबावरून कळलं. रातकिडे होतेच. अंगठा बटणावर फुरफुरत होता, काहीतरी दाबायला मागत होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"सुरू केलंत का?" त्यानं विचारलं.

उत्तर आलं नाही, किंवा आलं असेल. तो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं, लांब कोणीतरी रिकामी बादली ओढत नेतंय असं काहीतरी आलं. त्यानं दाबलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. चिमणीची वाट बघत तो जवळजवळ उठून उभा राहिला होता. ती आली तेव्हा रातकिड्यांच्या आतून आली आणि तीच का, याची त्याला खात्री नव्हती.

दोन्ही कान झाल्यावर झंखनाबेननं दार उघडलं आणि कागदावर लिहिता लिहिता, मान खाली घालूनच, काहीतरी विचारलं. त्याची मान हलायला लागली होती. त्यानं ती थांबवली.

"मला कळलं नाही," तो म्हणाला. "इकडे बघून परत सांगा."

तिनं मान वर केली. "एक प्रत तुमच्या शेठना जाईल, एक निरीक्षकांना. पाठवू ना?"

"पाठवा. आणि खाली लिहा, टुना बोलला असेल तर मला ऐकू गेलं नसणार."

"ते मी लिहू शकत नाही. मी फक्त आकडे लिहिते."

"मग आकडे लिहा."

तिनं ते पुन्हा एकदा तपासून लिहिले. उजवा कान: पाचशेला पस्तीस, हजारला पंचेचाळीस, दोन हजारला साठ, चार हजारला पंचाहत्तर. डावा कान: पाचशेला पस्तीस, हजारला पन्नास, दोन हजारला साठ, चार हजारला ऐंशी.