कळफलक तोच

आईने आल्टची कळ दाबून मागोमाग दोन अक्षरं टिपली, लाकडी स्टँडवरच्या हस्तलिखिताचं पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद टाइप करायला घेतला.

पडद्यावर एक चौकट उघडून बसली होती. आईची अक्षरं एकामागून एक येत होती आणि कुठेच उमटत नव्हती; दर अक्षराला संगणक बारीक आवाजात कुरकुरत होता. आईला त्याचा पत्ताच नव्हता. टाइप करताना ती पडद्याकडे बघत नसे. डोळे कागदावर, बोटं कळांवर, हा टाइपरायटरपासूनचा चाळीस वर्षांचा तिचा शिरस्ता होता; पडदा काय तो गिऱ्हाइकाने बघावा.

पलीकडच्या टेबलावरून लेकीला सगळं दिसत होतं. सकाळपासून ही चौथी खेप. ती उठली, आईच्या खांद्यावरून हात घालून चौकट बंद केली आणि म्हणाली, की ती जोडी आता चालत नाही, तळटीप द्यायला वर उजवीकडे जायचं, कालच दाखवलं होतं. आईने मान डोलावली. हो, कालच दाखवलं होतंस, म्हणाली.

कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं टंकलेखनाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर दोन टेबलं, दोन संगणक, एक खोकणारा प्रिंटर आणि भिंतीला लागून गिऱ्हाइकांसाठी बाक. विद्यार्थी आईला थोरल्या बाई म्हणत आणि लेकीला धाकट्या बाई. हाताने लिहिणारे आता थोडेच उरले होते, पण जे उरले होते ते सगळे झाडून इथेच येत. नवरा गेल्यावर आईने याच टेबलावर प्रबंध टाइप करून लेकीला वाढवलं होतं. थोरल्या बाईंच्या हातून गेलेल्या पानाला परीक्षकसुद्धा नावं ठेवत नाहीत, अशी त्या रस्त्यावर ख्याती होती, आणि आई ती ऐकून न ऐकल्यासारखी करत असे.

बदल लेकीनेच केला होता. जुना प्रोग्राम एकदा विकत घेतला की जन्माचा आपला, असे दिवस सरले होते. आता दर वर्षी पैसे भरायचे, तेही प्रत्येक संगणकाचे वेगळे. तिने फुकटात मिळणारे तीन प्रोग्राम उतरवून घेतले आणि दोन रविवार त्यांच्या खनपटीला बसली. एकाला सतत इंटरनेट हवं होतं. दुसऱ्याने जुन्या फायलींतल्या तक्त्यांचा पार चुराडा केला. तिसरा मात्र गुणी निघाला. तळटिपा, पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका, सगळं करत होता आणि जुन्या फायली जशाच्या तशा उघडत होता. कुठल्याशा परक्या माणसांनी मोकळ्या वेळात बसून असलं काही बनवावं आणि जगाला वाटून टाकावं, याचं तिला मोठं अप्रूप वाटलं. तिने आईला सांगितलं तेव्हा आई चष्मा पुसत होती.

"मला काय," आई म्हणाली. "कळफलक तोच आहे ना?"

कळफलक तोच होता. बाकी सगळ्याची जागा बदलली होती. लेकीचा हात आठवड्यात बसला. आईचा तीन आठवडे झाले तरी बसेना. लेकीने पिवळ्या चिठ्ठ्या लिहून पडद्याच्या कडेला डकवल्या. आई त्या मोठ्याने वाचायची, कळलं म्हणायची आणि दुपारी जेवणाचा डबा बंद करता करता पुन्हा तेच विचारायची. लेक स्वतःला समजावत राहिली. चाळीस वर्षांची बोटं आहेत, त्यांची घडी मोडायला वेळ लागणारच. माणूस घर बदलतो तेव्हासुद्धा महिनाभर दिव्याचं बटण भलत्याच भिंतीवर शोधतो.

मधमाशीवाली आली तेव्हा मात्र लेकीचा तोल गेला. ही बाई पाच वर्षं मधमाश्यांवर प्रबंध लिहीत होती; रानात बसून वहीत लिहायची, त्यामुळे सगळं हस्ताक्षरात. आधीची प्रकरणं जुन्या प्रोग्रामवरच झाली होती. दुसऱ्या प्रकरणात एक पान दोनदा आलं होतं, आणि लेकीने ते प्रिंटरवर ढकलून वेळ मारून नेली होती. आता चौथं प्रकरण पुढच्या शुक्रवारी द्यायचं होतं आणि त्याची सात पानंही झाली नव्हती. मधमाशीवाली बाकावर बसून मुकाट्याने वाट बघत होती. आई मागे वळली आणि तळटीप कशी द्यायची गं, असं तिने विचारलं.

"आई, किती वेळा सांगू? लहान मुलाला तरी एव्हाना आलं असतं."

बोलून गेल्यावर लेकीला आपलाच आवाज ऐकू आला. मधमाशीवाली उगाच वहीची पानं चाळू लागली. आईने चष्मा काढला, तो स्वच्छच होता तरी रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला.

"शिकते ना मी," आई म्हणाली. "जरा वेळ लागतोय. पण मला घरी नको बसवूस हं. घरी बसून काय भिंती मोजू?"

तिला घरी बसवायचं कोणी म्हणालं नव्हतं. लेकीच्या मनातही तोवर ते आलेलं नव्हतं. आईने म्हटल्यावर आलं. या टेबलाशिवाय आई कशी दिसेल, ते तिला डोळ्यांपुढे आणताच येईना. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघी कामापुरतंच बोलल्या.

नंतरचा रविवार लेकीने नव्या प्रोग्रामला जुन्याचा मुखवटा चढवण्यात घालवला. निम्म्या कळा जुन्यासारख्या करून घेतल्या, निम्म्या काही केल्या ऐकेनात. मग तिने हात टेकले. एवढ्या गुणी प्रोग्रामवर आता तिचा राग राग होत होता, आणि त्याहून जास्त स्वतःवर. चार पैसे वाचवायला गेलो आणि म्हातारीचे चाळीस वर्षांचे हात काढून घेतले, हे तिच्या मनातून जाईना. तिने जुना प्रोग्राम पुन्हा विकत घेतला, एकट्या आईच्या संगणकासाठी. सोमवारी आईच्या आधी दुकानात येऊन तो बसवला आणि पिवळ्या चिठ्ठ्या काढून केराच्या टोपलीत टाकल्या.

आई आली, खुर्चीत बसली आणि पडद्याकडे एकवार बघून म्हणाली, "आला का परत?" परगावी गेलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं.

लेकीने चौथ्या प्रकरणाचं पान स्टँडवर लावून दिलं. पोळं सोडून निघालेल्या माश्या नवी जागा कशी ठरवतात, ते त्यात होतं. आईने बोटं एकदा मिटली, उघडली आणि सुरुवात केली.

काय तो हात चालला. कळांचा आवाज एका लयीत येऊ लागला, दुकानाला कित्येक दिवसांनी कंठ फुटला. आल्ट आणि दोन अक्षरं, की ओळ मधोमध. आल्ट आणि दुसरी दोन, की समास जागच्या जागी. कुठे अडणं नाही, मागे वळून विचारणं नाही. लेकीचा जीव भांड्यात पडला. आपल्या टेबलावर बसून ती कितीतरी वेळ नुसता तो आवाज ऐकत राहिली. डोळे भरून आले, तेही तिने भरू दिले.

मग ती उठून आईच्या मागे जाऊन उभी राहिली. आईची पाठ ताठ होती आणि डोळे मधमाश्यांच्या पानावर खिळलेले होते.

"आता कसं बरं वाटतंय," आई हात न थांबवता म्हणाली. "तो प्रोग्रामच वाईट होता गं. माझं काही नव्हतं."

लेक तेव्हा पडद्याकडे बघत होती. पडद्यावर एकही मधमाशी नव्हती. प्रस्तुत प्रबंध सिद्धीस नेताना ज्यांचे मार्गदर्शन लाभले त्या सर्वांचे ऋण व्यक्त करणे मी माझे आद्य कर्तव्य समजते, असं तिथे होतं. ते आभाराचं पान होतं. प्रत्येक प्रबंधाला ते असे आणि प्रत्येकाचं जवळपास सारखंच असे; मुलं फक्त नावांची यादी आणून देत आणि बाकीचा मजकूर थोरल्या बाई आपल्या मनाने घालत. हजार वेळा तरी घातला असेल. समास चोख, परिच्छेद चोख, शुद्धलेखनाची एक चूक नाही. मार्गदर्शकांच्या नावाच्या जागी तीन टिंबं, ग्रंथपालांच्या नावाच्या जागी तीन टिंबं. पडद्याच्या कोपऱ्यातला पानांचा आकडा बघून लेकीने माउस हलवून वर पाहिलं. त्याच्या आधीचं पानही आभाराचंच होतं, आणि त्याच्या आधीचंही.

आईने समोरचा कागद उलटला, कारण एवढ्या वेळात एक पान व्हायलाच हवं होतं.

"हो," लेक म्हणाली. "प्रोग्रामच वाईट होता."

तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा उबदार होता आणि त्याच्याखाली हात चालतच होता. आईवडिलांचे आशीर्वाद आले, मित्रमंडळींचं सहकार्य आलं, आणि मग शेवटची ओळ आली, जी प्रत्येक मुलगा न सांगता ठेवून घेत असे. प्रबंधाचे सुबक टंकलेखन वेळेत करून दिल्याबद्दल, एवढं उमटलं. त्यापुढे आईचं नाव येई. ते टाइप करताना आई नेहमी थोडी घाई करत असे, चोरी पकडली जाईल अशी.

बोटं थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच थांबली. आईने कागदावरून नजर काढली, पडद्याकडे पाहिलं, ओळ ओठांतल्या ओठांत वाचली आणि मग मान वळवून लेकीकडे बघितलं.

"इथे कोणाचं नाव घालायचं गं?"

बाहेर कॉलेजची घंटा झाली. लेकीने खांद्यावरचा हात काढला नाही.

"तू टिंबं दे," ती म्हणाली. "नाव मी घालते."

आईने तीन टिंबं दिली आणि नवं पान घेतलं.