सत्तेचाळीस नंबरचा खूर

“हे कोणी लिहिलंय?” टाईप केलेलं कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरून वॉटी मेल्ड्रमने विचारलं.

“मी,” मेजर फोर्साइथ म्हणाला. “का? काही चुकलंय?”

कार्डावर एकच ओळ होती. ‘सगळे घोडे हिरव्या कुरणात सुखात आहेत, कर्नलसाहेब.’ वॉटीने ती पुन्हा वाचली आणि कार्ड टेबलावर पालथं टाकलं.

“नालबंदाचं उत्तर हे नाही, साहेब. अडीचशे वर्षं एकच उत्तर आहे.”

“माहीत आहे हो, सार्जंट. पण उद्याच्या जेवणाला टेलिव्हिजनवाले येणार आहेत. बायकामंडळी असतील. संध्याकाळी पाचला आपला रिसाला दुसऱ्या रिसाल्यात विलीन होणार, मग ड्रमोरी हे नावसुद्धा राहणार नाही. शेवटच्या जेवणात मेलेल्या घोड्यांची आठवण कशाला? लोकांनी हसत घरी जावं, एवढंच माझं म्हणणं.”

“नालबंद खोटं बोलत नाही, म्हणून तर त्याला विचारतात.”

“खोटं कुठे आहे? संग्रहालयातल्या पाटीवरही हेच लिहिलंय.”

ती पाटी रोज सकाळी वॉटीच पुसायचा. अडुसष्ट वर्षांचं वय, गुडघे कुरकुरणारे, पण रिसाल्याच्या त्या दोन खोल्यांची किल्ली त्याच्याच कमरेला होती. सतराव्या वर्षी तो ड्रमोरी रिसाल्यात भरती झाला, नालबंद झाला. घोडे गेले आणि रणगाडे आले तेव्हा बाकीचे इंजिनं शिकले. वॉटीही शिकला, पण कोणी विचारलं तर स्वतःला नालबंदच म्हणायचा. पाटीवर लिहिलं होतं, ‘१९४१ साली रिसाल्याचे शेवटचे घोडे पॅलेस्टाइनमधील कुरणांत पाठवण्यात आले.’ ती पुसताना त्याचा हात दर वेळी जरा जास्तच जोरात चालायचा.

या रिसाल्याची रीत मोठी विचित्र होती. जुन्या काळी शिपाई घोडा बाजारात विकून यायचे आणि लढाईत मेला म्हणून सांगायचे. मग नियम निघाला. प्रत्येक घोड्याच्या पुढच्या डाव्या खुरावर नंबर डागायचा, आणि घोडा मेला की नालबंदाने कुऱ्हाडीने तो खूर तोडून आणायचा. खूर नाही, तर घोडा मेला नाही. अडीचशे वर्षांपूर्वी फ्लँडर्सच्या लढाईनंतर कर्नलने जेवणाच्या टेबलावरून विचारलं होतं, ‘नालबंद, माझे घोडे कुठे आहेत?’ नालबंदाने त्याच्या ताटासमोर पोतं रिकामं केलं. एकशे तेरा खूर. मग म्हणाला, ‘मेले ते इथे आहेत, साहेब. उरले ते दाणा खात आहेत.’ कर्नल जेवण टाकून उभा राहिला, सगळे उभे राहिले. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला तोच प्रश्न, तेच उत्तर आणि पोत्यातून निघणारा, चांदीने मढवलेला एक जुना खूर. टेबलावर खूर असेपर्यंत कोणी बसायचं नाही.

वॉटी घरी आला तेव्हा नेटी बटाटे सोलत होती. त्याने कोट न काढताच खुर्ची ओढली.

“कुरणात म्हणे,” तो म्हणाला. “हिरव्या. तिथे गवताची काडी नव्हती, नेटी. दगडच दगड. त्या फोर्साइथचा जन्मही झाला नव्हता आणि मला कुरण शिकवतोय.”

“मग सांग ना त्याला.”

“त्याला सांगून काय होणार?”

“तर मग कोणाला सांगणार? मला? मी तीस वर्षं ऐकतेय.” नेटीने सुरी खाली ठेवली. “माझ्या कपाटात तीस वर्षं मेलेली घोडी ठेवलीयस. मी एकदा तरी बोलले का? चादरी दुसरीकडे ठेवल्या, पण बोलले नाही. दर वर्षी तू जातोस, ‘दाणा खात आहेत’ म्हणतोस आणि घरी येऊन दोन दिवस जेवत नाहीस. पुढच्या वर्षी बोलेन म्हणतोस. आता पुढचं वर्ष कुठून आणणार?”

ती म्हणत होती ते खरं होतं आणि खऱ्याचाच त्याला राग आला होता.

तिथे, पॅलेस्टाइनमध्ये, एकोणीस घोडे होते. पंधरा वर्षांवरचे, म्हणून नव्या पलटणीला नको असलेले. विकले तर खाणीत दगड ओढून मरतील, त्यापेक्षा गोळी घाला, असा हुकूम आला. यात वॉटीला काही वाईट वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण पटलं. खाणीतले घोडे त्याने पाहिले होते. वाईट पुढेच होतं. हुकूम घेऊन आलेला लेफ्टनंट ऑर्मिस्टन अठ्ठावीस वर्षांचा होता. नजर वर न करता तो म्हणाला होता, “वॉटी, कुऱ्हाड राहू दे. खूर आणायचे नाहीत. घोडे मारतात म्हणून मायदेशी वर्तमानपत्रवाले ओरडतायत. कागदावर ‘पाठवले’ असं जाणार आहे.” एवढं बोलून तो तंबूत गेला.

म्हणजे मारायचं वॉटीने, आणि मारलंच नाही असंही वॉटीनेच म्हणायचं. वर्षानुवर्षं पाठीवर माणूस वाहिलेल्या जनावराला साधं ‘मेलं’ म्हणवून घेण्याचाही हक्क नाही. कसले हे साहेब लोक. कोणाच्या डोळ्याला पाणी आलं तर तेही कागदावर ‘पाठवले’ म्हणून लिहितील.

एकोणीसपैकी जेनेट शेवटची होती. तिला वॉटीने स्वतः अकरा वर्षं नाल ठोकले होते. दर वेळी ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची आणि लाळेने शर्ट भिजवायची. तिच्याजवळ तो थोडा वेळ थांबला. मग हुकूम मोडून त्याने कुऱ्हाड उचलली. बाकीच्या अठरांचं धाडस त्याला झालं नाही, आणि ती चूक तो आजवर गिळू शकला नव्हता.

शनिवारी दुपारी जेवणघरात सूप वाढून झालं होतं. बॅगपाईपवाला वाजवायचा थांबला तसा वॉटी आत आला. अंगात जुना लाल डगला, एका खांद्यावर कुऱ्हाड, दुसऱ्यावर पोतं. कॅमेरेवाल्याने दिवा त्याच्याकडे वळवला. फोर्साइथने लांबूनच कार्ड दाखवून मान हलवली. टेबलाच्या टोकाला कर्नल ऑर्मिस्टन बसला होता. तोच तो लेफ्टनंट. आता केस पांढरे, खुर्चीला काठी टेकलेली.

“नालबंद,” ऑर्मिस्टन रीतीप्रमाणे म्हणाला, “माझे घोडे कुठे आहेत?”

वॉटीने पोत्यात हात घातला. चांदीचा खूर हाताला लागला, तो त्याने बाजूला सारला. कातड्याचं एक पुडकं काढलं, सोडलं आणि आतला खूर ऑर्मिस्टनच्या सूपच्या वाडग्याशेजारी ठेवला. तपकिरी, वाळलेला, एका बाजूने तडकलेला. जवळच्या एका बाईने चमचा खाली ठेवला.

“मेले त्यांतली एक इथे आहे, साहेब. जेनेट, नंबर सत्तेचाळीस. तिच्याबरोबर अठरा होते. त्यांचे खूर मला आणू दिले नाहीत. खूर नाही, तर घोडा मेला नाही, असा आपलाच नियम आहे. मग तीस वर्षं त्या अठरांना दाणा कोण घालतंय, तेवढं मला सांगा.”

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. फोर्साइथ उठून जवळ आला. “सार्जंट, आपण हे नंतर बोलू.”

“नंतर कधी, साहेब? पाच वाजता रिसाला संपतोय.” वॉटीचा आवाज चढला नव्हता. “त्या पाटीवर कुरण लिहिलंय, ती पाटी मी पुसतो. माझ्याच हाताने. लाज वाटते मला.”

“तुम्ही हुकुमाचे ताबेदार होता, आता—”

“गप्प बस, फोर्साइथ,” ऑर्मिस्टन म्हणाला.

त्याने खूर जवळ ओढला. जिवंत घोड्याचा खूर वाढतो, डागलेला आकडा हळूहळू खाली सरकतो, म्हणून चार-चार महिन्यांनी तो पुन्हा डागावा लागतो. जेनेटचा सत्तेचाळीस कडेपर्यंत आलेला होता. सातचा पाय तुटला होता. तेव्हा पुढच्या आठवड्याभरात वॉटी तो नव्याने डागणार होता. ऑर्मिस्टनने त्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

“घोडे एकोणीस होते,” तो म्हणाला. “गोळ्या वीस. मी तंबूत बसून मोजल्या. एकाला दोन लागल्या. कोण होता तो?”

“पायपर, साहेब. त्याने ऐन वेळी मान फिरवली. माझ्याकडे बघायला.”

ऑर्मिस्टनने मान हलवली. काठी घेतली आणि उठला. खुर्च्या सरकल्या, एकेक करत सगळे उभे राहिले. सूप थंड होत गेलं. फोर्साइथही उभाच होता, पण आता कार्ड कुठे लपवावं ते त्याला कळत नव्हतं. ऑर्मिस्टनने ते त्याच्या हातातून काढून घेतलं, उलटं केलं आणि उभ्या उभ्या, वाकून, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. बराच वेळ लागला. मग वॉटीपुढे धरलं.

‘जेनेट, ४७, आणि अठरा घोडे. १९४१. मारले. नालबंद मेल्ड्रम. हुकूम माझा. ऑर्मिस्टन.’

“पाटी काढून हे लाव,” तो म्हणाला. “अजून काही हवंय?”

“तेव्हा तंबूतून बाहेर आला असतात, तर बरं झालं असतं, साहेब.”

“हो,” ऑर्मिस्टन म्हणाला. “आलो नाही.”

रीतीप्रमाणे आता नालबंदाने खूर उचलायचा आणि लोकांनी बसायचं. वॉटीने तो उचलला नाही. त्याने रिकामं कातडं घडी करून बगलेत धरलं, कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि दाराकडे चालू लागला. मागे माणसं ताटकळत उभीच राहिली. एरवी अशी आगळीक त्याने केली नसती. आज त्याला वाटलं, राहू देत जरा वेळ उभे.

घरी नेटीने दार उघडलं. आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बगलेकडे.

“ठेवून आलास?”

“आलो.”

त्याने ते कातडं, त्याचा नाल ठोकतानाचा जुना एप्रन, दारामागच्या खिळ्याला अडकवला. नेटीने तळहाताने तो नीट केला. मधोमध वाटीएवढा फुगवटा राहिला होता. तिने दोनदा दाबून पाहिला. तो बसेना.

“राहू दे,” वॉटी म्हणाला, आणि जेवायला बसला.