ओल्या पोत्याखालच्या बाटल्या

“डोमाकाका, इकडे या! सगळेच्या सगळे जिवंत आहेत!” सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलता रीना मॅडम ओरडल्या.

डोमाने धुतलेली बशी खाली ठेवली आणि भिंगात पाहिलं. केसाहून बारीक सूत्रकृमी पाण्यात वळवळत होते. मेलेला सूत्रकृमी सुईसारखा ताठ होतो, हे त्याला आता कुणी शिकवायला नको होतं. शहापूरजवळच्या या प्रयोगशाळेत बशा धुण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती.

हे कृमी पिकांची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीच्या अंगात शिरून तिचा जीव घेतात, पण उन्हाळ्याच्या तापल्या मातीत स्वतःच मरतात. म्हणून मॅडमनी दोन वर्षं एकच धोशा लावला होता. प्रत्येक पिढी सहा तास गरम कपाटात ठेवायची आणि वाचतील त्यांचीच पुढे पैदास करायची. मरतील त्यांना मरू द्यायचं. अशा एकोणीस पिढ्या झाल्या होत्या.

“आजच नमुने तपासणीले पाठवू,” मॅडम म्हणाल्या. “गरमीत यांची कोणती जनुकं जागी होतात, थे कळंल. मग शेतकऱ्यांले बिनघोर देता येईल.”

आदल्या दिवशी, रविवारी, गरम कपाटापाशी डोमा एकटाच होता. दुपारी दोनला त्याने थेंबभर पाणी भिंगाखाली धरलं, तर कृमी एकेक करून ताठ व्हायला लागले होते. गेल्या मे महिन्यात महामार्गाच्या कामावरून त्याचा पोरगा अश्वजित असाच ताठ होऊन घरी आला होता. पोराला सावलीत का नेलं नाही, असं विचारल्यावर मुकादम म्हणाला होता, काम थांबवायचा हुकूम नव्हता.

डोमाने बाटल्या काढल्या, माठाच्या बुडाशी ओल्या पोत्याखाली ठेवल्या आणि संध्याकाळी, कपाट बंद करायच्या वेळी, गुपचूप आत परत नेल्या. आपण मॅडमच्या कामाची माती केली, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

“मॅडम, नमुने पाठवू नका,” तो म्हणाला. “मी त्याईले काल बाहेर काढलो होतो. मरून राहिले होते. पाहवलं नाई.”

मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली. “काहून केलं असं, काका? हेच कच्चे जीव वावरात गेले असते, तर लोकं आपल्याले काय म्हणाले असते?”

“चूक झाली.”

अश्वजितच्या मातीला मॅडम आल्या होत्या. त्यांचा आवाज खाली आला. “आता पुन्हा तापवावं लागंल. आजच. तुम्ही घरी जा, मी बसते.”

“नाई. मीच बसतो. त्याच्यापाशी कोणी बसलं नव्हतं.”

त्याने बाटल्या एकेक करून कपाटात मांडल्या, दार लावलं, काटा चाळीसवर नेला आणि स्टूल ओढून काचेसमोर बसला. पुढचे सहा तास तो तिथेच होता. माठ हाताशी होता, पण पाणी प्यायलाही तो उठला नाही.