सवडीचं शिक्षण

ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘तुमच्या सवडीनं, तुमच्या गतीनं शिका.’ लिहिणाऱ्याला सासर नसावं.

मी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात आहे. चादरी, गाऊन, पडदे, सगळं आमच्या मशीनमधून निघतं आणि बदाबदा पाणी गटारात जातं. ते वाचवायला एक सुपरवायझर नेमायचं ठरलं, तेव्हा मी पर्यावरणाचा हा कोर्स लावला. ती जागा मला हवी होती, अगदी मनापासून.

पण ज्या अभ्यासाला वेळ ठरलेली नाही, त्याला आमच्याकडे कुणी अभ्यास म्हणत नाही. ह्यांचा लिफ्टदुरुस्तीचा वर्ग असायचा, तेव्हा सासूबाई मिक्सरसुद्धा लावत नसत. मी कानात हेडफोन घातला की हाक आलीच. ‘‘तुझं काय, नंतरही होईल.’’ घरचं झालं थोडं, म्हणून नणंदेची पोरंही संध्याकाळी माझ्याच गळ्यात. तरी कणीक मळताना, जेवणाच्या सुट्टीत मी रेटत राहिले. पाण्याचे धडे तेवढे मुद्दाम मुलाखतीआधीच्या रविवारी ठेवले. सावकाश, लिहून घेत बघणार होते.

त्या रविवारी बाजारातून आले, तर हे टॅबलेट घेऊन दारातच उभे.

‘‘अगं, संपवला तुझा कोर्स! व्हिडिओ नुसते चालू ठेवले, पुढचा लावायला आई बसली समोर. परीक्षा मी देऊन टाकली. ब्याण्णव टक्के!’’

‘‘अहो, पण पाण्याचे धडे?’’

‘‘सुटलीस की एकदाची!’’

टॅबलेटवर माझ्या नावाचं प्रमाणपत्र होतं. कोर्स पूर्ण झाला की धडे बंद होतात, ते झाले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडणार कशावरून? माणसानं मदत केली होती! सासूबाई म्हणाल्या, ‘‘माझ्या लेकानं बसल्या बैठकीत केलं. तू उगाच घोळ घालत होतीस.’’ मी पिशवीतली भाजी काढली.

मुलाखतीत मॅनेजरसाहेब मार्क बघून खूश झाले.

‘‘वा, बाई! मग सांगा, शेवटी कपडे खळबळलेलं पाणी पहिल्या धुण्याला वापरायचं, तर आधी त्यात काय काय तपासाल?’’

साबण किती उरलाय ते, एवढं मी म्हणाले. पुढे काही सुचेना. साहेबांनी प्रमाणपत्र माझ्याकडे सरकवलं.

‘‘हल्ली ही ढिगानं येतात,’’ ते म्हणाले. जागा स्टोअरच्या माणसाला मिळाली.

घरी ह्यांनी विचारलं, ‘‘अडलं कुठे?’’ मी प्रश्न सांगितला. ह्यांनी कपाळावर हात मारला.

‘‘अगं, हा तर परीक्षेतच होता! माझा बरोबर आला होता.’’

‘‘काय होतं उत्तर?’’

‘‘आता कुठलं आठवतंय? मोबाइलवर शोधून दिलं होतं. पण कमाल आहे तुझी! कोर्स तुझा, आणि तुलाच येऊ नये?’’