लवकर येणाऱ्याची जागा

"कंटेनर आज चढेल ना गं, पोरी?" पांदेलेकाकांनी टोपी काढून विचारलं आणि बागेतल्या जर्दाळूंची परडी नेहमीसारखी खिडकीतून आत सरकवली.

लुक्रेत्सियाने परडीला हात लावला नाही. कोन्स्तान्त्साच्या बंदरात जहाजावरच्या जागा नोंदवण्यात तिची उमर गेली होती. झाडाला फूल दिसलं की काका यायचे आणि गावच्या मालासाठी जागा सांगून ठेवायचे. ती "धरली" म्हणायची, की काम झालं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदाही ती "धरली" म्हणून बसली, आणि मागाहून कचेरीत नवी पद्धत आली. आता जागेचा भाव रोज बदलायचा. शेवटच्या घटकेला धावत येणारा अडलेला असतो, मागाल तो भाव देतो, म्हणून जागा त्याच्यासाठी राखायच्या. आधी येणारा स्वस्तात जातो, तेव्हा त्याला मागे ढकलायचं. म्हणजे शहाण्यासारखा वेळेवर आला तोच वेडा ठरला. काय म्हणावं असल्या हिशेबाला! भाव ठरवणाऱ्या यंत्राने काकांची नोंद कधीच उडवली होती.

ती उठून कचेरीच्या वरिष्ठांकडे, त्रायानसाहेबांकडे गेली. पुढचं जहाज आठवड्याने, तोवर जर्दाळूंचा चिखल होईल, आणि आजचा भाव गावाला परवडायचा नाही, असं तिने परोपरीने सांगितलं. आज एकाला जुन्या भावात दिलं तर उद्या सगळेच त्या भावात मागतील, असं साहेबांचं म्हणणं. जागा रिकामी गेली तर, असं तिने विचारलं.

"जाऊ दे. वर्षाचा हिशेब बघायचा असतो, बाई."

तो माणूस काही वाईट नव्हता. भांडावं तर कुणाशी?

काका संध्याकाळपर्यंत धक्क्यावर बसून राहिले. कुणी धावत आलं नाही. जहाज हललं तेव्हा ती परडी घेऊन त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. कंटेनरांच्या वरच्या रांगेतली मोकळी खाच दोघांनाही दिसली.

"आमची जागा कुणाला दिलीस गं?"

"कुणालाच नाही, काका."

काका खाचेकडे बघतच राहिले. गावात आता काय तोंड दाखवायचं, असं काहीसं पुटपुटले. मग म्हणाले, "माझंच चुकलं असेल. पुढच्या वर्षी आणखी लवकर येऊ का?"



"या," ती म्हणाली.

तिने पुढे केलेली परडी त्यांनी घेतली नाही. टोपी नीट डोक्यावर बसवली आणि ते फाटकाकडे चालू लागले.